ज्वारी तहान सोसते, पण क्रमाने आलेली

"ज्वारीला कुठं पाणी लागतंय, ती अशीच येती" हे वाक्य मंगळवेढ्याच्या बाजूला वाढलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं असतं. ऊसवाले म्हणतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात, कधीकधी ज्वारी पेरणारी माणसंसुद्धा म्हणतात. आणि मला हे वाक्य दर वेळी टोचतं, कारण ते खरं नाहीये. ज्वारीला पाणी लागतंच. ती फक्त पाण्याचा हिशेब इतका काटेकोर ठेवते की बघणाऱ्याला वाटतं हिला खर्चच नाही. शेतकी शिकायला गेले तेव्हा हा हिशेब पानाच्या आत कसा चालतो ते पुस्तकात सापडलं, पण तो चालतो हे आत्याच्या रानात आधीच दिसत होतं, नाव माहीत नव्हतं इतकंच. आणि गेल्या काही वर्षांत हाच हिशेब मोडायला लागलाय, दुष्काळाने कमी आणि दुष्काळाच्या आधी-नंतर जे काय येतंय त्याने जास्त, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

ज्यांनी रब्बीचा भाग बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः सप्टेंबरला. त्यामुळे काळ्या भारी रानात खरिपाला काही पेरत नाहीत, रान मोकळं ठेवतात, पाऊस मुरवतात आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर-मोकळी झाली, की पाभर (पेरायचं अवजार) धरतात. त्याच्या आधी घाई केली तर खोडमाशी पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोंब, मारते. नंतर पाऊस आला तर आला, म्हणूनच "पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती" म्हणायचं, पण स्वाती नक्षत्राच्या या पावसाचा भरवसा कुणी धरत नाही. एक मीटर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर मावतं. म्हणजे कणगी एकदाच भरलीय आणि फेब्रुवारीपर्यंत घर त्याच्यावर चालवायचंय. याच मातीच्या जिवावर मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांना मोकळं केलं ती कथाही इथलीच, आणि इथल्या मालदांडीला २०१६ साली जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही मिळालं.

मालदांडी ३५-१ हे वाण गेल्या शतकात, १९३०च्या दशकात, मोहोळच्या केंद्रावर इथल्याच गावरान ज्वारीतून निवडून काढलेलं. एवढ्या वर्षांत कितीतरी सुधारित वाणं आली, काहींचं उत्पादन हिच्यापेक्षा चांगलंय, तरी मालदांडी रानातून गेली नाही. भाकरी, कडबा आणि कमी पाण्यात दगा न देणं, तिन्ही एकाच ताटात मिळतात म्हणून.

आता ती पाणी कसं पुरवते ते. ज्वारी उगवते तेव्हा तिला खाली जाणारं एकच मुख्य मूळ असतं. चार-पाच पानांवर आली की बुडाच्या पेऱ्यांपासून नवीन मुळ्या फुटायला लागतात आणि पुढचं सगळं पीक या मुळ्यांवर उभं राहतं. या मुळ्यांना फुटायच्या वेळी वरची माती ओली लागते. वरचा थर कोरडा पडला तर त्या फुटतात आणि जागच्या जागी वाळतात, रोप हिरवं दिसतं पण हलवून बघितलं तर डुगडुगतं. वरचे चार बोट ओले असताना मुळी धरायची, मग वरचा थर सुकत गेला तसं ओलीच्या मागे खाली खाली जायचं, हा तिचा क्रम. ओल वरून खाली सरकते, मूळ तिच्या मागे. जानेवारीपर्यंत ती दीड मीटरच्या आसपास पोचलेली असते.

मागे एकदा जानेवारीत भर दुपारी आत्याच्या रानात बांधावर न बसता आत सरीत जाऊन बसले होते, मुद्दाम. ज्वारी दाणा भरायच्या अवस्थेत होती. बाहेरून रान हिरवं दिसत होतं, आत बसल्यावर कळलं की खालची पानं वाळून तांबूस झालीत, वरची पाच-सहा हिरवी, आणि त्यांच्या दोन्ही कडा आत वळल्यात, अर्धवट गुंडाळल्यासारख्या. पानाच्या वरच्या बाजूला काही मोठ्या पेशींच्या रांगा असतात, त्यातलं पाणी कमी झालं की त्या बसतात आणि पान आपोआप आत वळतं, ऊन लागणारा भाग कमी होतो. ताटाला अंगठा घासला तर पांढरी भुकटी बोटाला लागली, ते मेण. ज्वारीच्या ताटावर आणि पानाच्या देठाकडच्या वेष्टनावर हा पांढरा थर असतो, तो पाणी उडून जाऊ देत नाही आणि ऊनही परतवतो. आणि पायाशी जमीन तडकलेली, हात मनगटापर्यंत जाईल एवढी भेग, तिच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाणाऱ्या बारीक मुळ्या मधेच तुटून लोंबत होत्या. आत्या म्हणाली, "कोळपं एकदा आणिक फिरवाय पायजे हुतं, मजूरच गावलं न्हाईत." कोळपं म्हणजे ओळींमधली माती हलवून तण काढायचं, भेगा बुजवायचं अवजार. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन बघितलं तर तीच पानं सपाट उलगडलेली. रात्रीत मुळांनी जेवढं ओढलं तेवढ्यावर ती परत सकाळच्या कामाला लागली होती.

हे बघून कौतुक वाटतं, वाटायलाच पाहिजे, पण यातली प्रत्येक गोष्ट ती काहीतरी देऊन करते हे कुणी बोलत नाही.

पर्णरंध्रांचंच घ्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांचं, ज्यातून पाणी वाफ होऊन बाहेर जातं. माती सुकायला लागली की मुळांना ते पानांच्या आधी कळतं, ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं, ते पानापर्यंत पोचलं की रंध्राच्या दोन्ही बाजूच्या रक्षक पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतं. पाणी वाचलं. पण त्याच रंध्रातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, तो थांबला की अन्न बनणं थांबलं. ज्वारीला इथे थोडी सवलत आहे, ती सी-फोर जातीची, कार्बन डायऑक्साइड आत गोळा करून दाट करायची यंत्रणा तिच्याकडे असल्यामुळे रंध्रं अर्धी मिटलेली असली तरी तिचं काम बऱ्यापैकी चालतं, गहू-हरभऱ्याला ते जमत नाही. पण अजून एक गोष्ट असते. पान थंड राहतं ते पाणी उडतं म्हणून. रंध्रं मिटली की ते थंड होणंही थांबतं आणि पान आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त तापतं. म्हणजे तहानेवरचा उपाय आणि उष्णतेवरचा उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तहान लागली तर रंध्रं मिट, तापलं तर उघड. जानेवारीच्या थंडीत हा पेच पडत नाही, नुसती तहान असते आणि ती मिटून घेते. फेब्रुवारीत ३६-३७ अंश व्हायला लागले की दोन्ही एकदम अंगावर येतात आणि मग झाडाने काहीही केलं तरी कुठेतरी नुकसान ठरलेलंच. मला वाटतं या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि ती सगळ्यात कमी सांगितली जाते. पाण्याचा ताण वेगळा, उष्णतेचा ताण वेगळा असं आपण शिकतो, त्यावर वेगवेगळे प्रयोगही होतात, रानात मात्र ते हातात हात घालून येतात.

दुसरं, पेशीच्या आत ती प्रोलिन, ग्लायसिन बीटेन, साखरा असे पदार्थ साठवते, त्यामुळे माती कोरडी झाली तरी पेशी पाणी धरून ठेवते आणि मूळ अजून थोडं ओढू शकतं. हे पदार्थ बनवायला वेळ लागतो आणि नत्र, साखर, ऊर्जा लागते, जी नाहीतर कणसात गेली असती. उष्णतेचंही तसंच, तापमान वाढलं की पेशी उष्माघात प्रथिनं बनवते, ती बाकीच्या प्रथिनांची घडी बिघडू देत नाहीत. आधी थोडा सौम्य ताप मिळालेलं रोप नंतरचा कडक ताप सोसतं, तेवढाच ताप एकदम बसलेलं रोप मरतं, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. ताण हळूहळू आला तर झाड तयारी करतं. रब्बी ज्वारीला सोसायची ताकद कुठून आली याचं उत्तर मला इथे सापडतं, शेकडो वर्षं तिच्यावर ताण एकाच क्रमाने आला, आधी ओल, मग थंडी, मग हळूहळू सुकणारी जमीन आणि अगदी शेवटी, दाणा पक्का झाल्यावर, ऊन. तिने आपली सगळी व्यवस्था या क्रमावर बेतलीय.

शास्त्रज्ञांनी यातली एक खुबी चांगली पकडलीय. काही ज्वारींची वरची पानं फुलोऱ्यानंतरच्या दुष्काळातही हिरवी राहतात, दाणा भरेपर्यंत काम करत राहतात. यासाठी जगभर वापरलेला मुख्य स्रोत इथिओपियाच्या गावरान ज्वारीतून आलेला. आधी वाटायचं की या पानात काहीतरी खास असेल म्हणून ते म्हातारं होत नाही. नंतर लक्षात आलं की गोष्ट बरीचशी आधीच ठरते, ही झाडं सुरुवातीला फुटवे कमी काढतात, पानं लहान ठेवतात, फुलोऱ्याआधी पाणी कमी पितात, म्हणून मातीत शेवटासाठी शिल्लक राहतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत अशीही वाणं सापडली की ज्यांची मातीत ओल असतानासुद्धा, हवा दुपारी फार कोरडी झाली की, पाणी सोडायची गती वाढायची थांबते. कणीस भरायच्या वेळी ताट हिरवं असेल तर खडखड्या हा रोगही कमी लागतो, कारण ती बुरशी तहानलेल्या, रिकाम्या होत चाललेल्या ताटातच घुसते, आतला गाभा खाऊन फक्त धागे ठेवते आणि मग वाऱ्याच्या एका झोतात रान आडवं. पण इथेही किंमत आहेच. ज्या वर्षी पाऊस चांगला होतो त्या वर्षी हे जपून पिणारं वाण मागे पडू शकतं, दुसरं बिनधास्त वाढून जास्त कडबा देऊन जातं.

किराळीचं, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन जनावराला होणाऱ्या विषबाधेचं, पण सांगायला पाहिजे, शहरातल्यांना हे माहीत नसतं. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, जनावराने पान चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. पाण्याच्या ताणात वाढ खुंटलेल्या ज्वारीत ते जास्त असतं, कापून परत फुटलेल्या कोवळ्या फुटव्यात तर फारच. म्हणजे दुष्काळात जेव्हा चारा नसतो आणि माणूस म्हणतो कणीस तर येणार नाही, निदान गुरं तरी सोडू, नेमकी तेव्हाच ज्वारी सगळ्यात विषारी असते. डोळ्यादेखत गाय फुगून, तडफडून गेलेली बघितलेलं घर आमच्या गावात आहे. डॉक्टर वेळेत आला आणि शिरेतून औषध दिलं तर वाचतं. चांगल्या वाळलेल्या कडब्यात हा धोका जवळजवळ राहत नाही. ज्वारीच्या दृष्टीने बघितलं तर मी अशक्त आहे तेव्हा मला कुणी खाऊ नये एवढंच.

आता क्रम मोडण्याबद्दल. ऑक्टोबर २०२०च्या मध्यात बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाने सोलापूर जिल्ह्यात असा पाऊस झाला की पंढरपुरात चंद्रभागा घरात शिरली. पेरलेली रानं पाण्याखाली, न पेरलेल्या रानात दिवाळीपर्यंत पाय ठेवता येईना. सप्टेंबर २०२५ला सीना नदीच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळमधली शेतं नुसती बुडाली नाहीत, कितीतरी ठिकाणी वरची माती खरडून गेली. लोक म्हणतात, चला, पाणी तर झालं, रब्बीला फायदा. मी पण समजू शकते असं का वाटतं. पण झाडाच्या बाजूने बघा. मातीत पाणी तुंबलं की एक-दोन दिवसात मुळांना श्वासाला प्राणवायू उरत नाही, खालची मुळं कुजतात, रोप जगण्यासाठी पृष्ठभागाजवळ नवीन मुळ्या फोडतं. नंतर पाणी ओसरतं, जानेवारी येतो, वरचा थर सुकतो आणि ओल खाली असताना मुळ्या वर अडकलेल्या. मातीत पाणी असून झाड तहानेने मरतं. ओलीच्या मागे खाली जायचा जो क्रम होता तो पहिल्या महिन्यातच तुटला.

आणि जिथे पेरणीच लांबली तिथे वेगळं. ऑक्टोबरच्या सुरुवातीची पेरणी डिसेंबरात फुलते, जानेवारीत भरते. वाफसा नाही म्हणून नोव्हेंबरच्या मध्यात पेरली की दाणा भरायचं काम फेब्रुवारी-मार्चवर जातं. देशभरच्या दिवसाच्या कमाल तापमानात फेब्रुवारी २०२३ हा १९०१ पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी ठरला होता, आणि दिवस-रात्र मिळून सरासरी तापमानात फेब्रुवारी २०२५. म्हणजे पूर सप्टेंबरात आला आणि त्याची मार दाण्याला बसली मार्चमध्ये, उष्णतेने. पंचनाम्यात हे कुठे लिहिणार? तलाठी येतो तेव्हा रान हिरवं असतं.

रात्रीचंही असंच. फुलोऱ्याच्या वेळी पारा १० अंशांच्या आसपास उतरला की काही वाणांचे परागकण वांझ होतात, कणसात दाणेच भरत नाहीत, मालदांडी थंडीला त्या मानाने घट्ट. उलट रात्री गरम राहिल्या तर दिवसभर बनवलेली साखर झाड रात्री श्वसनातच खर्चून टाकतं आणि दाणा लवकर पिकून बारीक राहतो. शिवाय २०१४च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट इकडं कुणी विसरलेलं नाही. उभी, भरलेली ज्वारी झोपली, जी उभी राहिली तिचा दाणा काळा पडला. गारेवर कुठल्याच वाणाकडे उपाय नाही.

म्हणून २०२३ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं, ज्वारी-बाजरीचे स्टॉल लागले, "हवामान बदलाला उत्तर" वगैरे बोललं गेलं तेव्हा आनंद झाला आणि रागही आला. आनंद याचा की भाकरीला मान मिळाला. राग याचा की सोसणाऱ्याला सोसायला लावायची आपली जुनी सवय आहे. ज्वारी कमी पाण्यात येते ना, मग उजनी धरणाचं पाणी उसाला. ज्वारी हलक्या रानात येते ना, मग भारी रान उसाला. पोटरीच्या वेळी, म्हणजे कणीस अजून वरच्या पानाच्या वेष्टनात असताना, पेरल्यापासून ५०-५५ दिवसांनी, एक संरक्षित पाणी मिळालं तर उत्पादनात केवढा फरक पडतो हे कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत वर्षानुवर्षं छापलं जातंय. एक पाणी. कोरडवाहूवाल्याला ते एक पाणी मिळायची सोय आपण केली नाही आणि वर तिच्या चिवटपणाचं कौतुक करतो.

करण्यासारखं काय आहे ते फार नवीन नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३पासून चालू आहे आणि त्यातलं कितीतरी आजही तसंच्या तसं उपयोगी पडतं. उन्हाळ्यात नांगरून पावसाळ्याच्या आधी वाफे पाडून ठेवले की पडलेलं पाणी रानातच मुरतं. तीन कोळपण्या, पहिली फटीच्या कोळप्याने तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पासेच्या कोळप्याने पाचव्या, तिसरी दातेरी कोळप्याने आठव्या आठवड्यात, आणि ही तिसरी तणासाठी कमी, भेगा बुजवायला जास्त. भेग उघडी राहिली की खालच्या थरातली ओल सरळ हवेत जाते आणि मुळ्या तुटतात त्या वेगळ्या. "एक कोळपणी अर्धं पाणी" म्हणतात ते म्हणूनच. फक्त आता बैल कमी झालेत, मजूर मिळत नाहीत, तिसरी कोळपणी बहुतेक जण सोडून देतात. छोट्या यंत्राने आठव्या आठवड्यात, ज्वारी कमरेला आली असताना, कोळपता येईल असं काहीतरी सगळ्यांना परवडेल अशा भाड्यात गावोगाव मिळालं पाहिजे, माझ्या मते नवीन वाणाइतकंच हे महत्त्वाचं आहे.

आणि रान बघून वाण. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा परभणी मोती, भारीला फुले वसुधा, फुले यशोदा, आणि पाणी द्यायची सोय असेल तर फुले रेवती. आत्याच्या एकाच गटात बांधाकडे मुरूम आहे आणि ओढ्याकडे पुरुषभर काळी माती, तरी वर्षानुवर्षं सगळीकडे एकच बी पडायचं. आता ती वरच्या पट्ट्यात अनुराधा टाकते, ती मालदांडीच्या आधी निघते, म्हणजे पेरणी लांबलीच तर निदान तेवढा पट्टा उन्हाच्या आधी हाती लागतो. खालच्या पट्ट्यात मालदांडीच, त्याबद्दल ती ऐकून घेत नाही. "भाकर कुणाची खायाची मग?" म्हणते. हुरड्याला गूळभेंडीच्या दोन-चार ओळी, आगटीला पाहुणे येतात म्हणून.

या गूळभेंडी, दगडी, कुचकुची असल्या जुन्या ज्वारींची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. क्रम आता कसा बदलेल हे नक्की सांगता येत नाही, कधी पूर आधी, कधी गार, कधी नोव्हेंबरपर्यंत ओल आणि डिसेंबरात उकाडा. अशा वेळी कुठलं एक वाण सगळ्याला पुरं पडेल असं मला वाटत नाही, ज्या इथिओपियन ज्वारीवर आज एवढं काम उभं आहे तीसुद्धा कुठल्यातरी शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राखलेली होती. तुमच्या घरी, आजोळी, एखाद्या म्हातारीच्या उतरंडीत असं जुनं बी अजून असेल तर दर वर्षी चार ओळी का होईना पेरत जा, कणसं नीट निवडून ठेवा, कधी पेरलं, कधी निसवलं (कणीस बाहेर पडलं), कुठल्या रानात कसं आलं ते वहीत लिहा, आणि मूठभर बी जवळच्या कृषी विद्यापीठाच्या ज्वारी केंद्राला नेऊन द्या.